सर्फबोर्डचा गाभा ओळखा: गोव्याच्या उन्हात आणि खाऱ्या पाण्यात टिकेल असा बोर्ड कसा निवडायचा

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल किंवा दक्षिणेला आगोंद. गोव्यात सर्फिंगची सुरुवात बहुतेक इथेच होते. पहिले काही आठवडे भाड्याच्या बोर्डवर जातात आणि मग स्वतःचा बोर्ड घ्यावासा वाटू लागतो. विकणारा लांबी सांगतो, रंग दाखवतो, फिन, म्हणजे तळाचे पर, किती ते मोजून देतो. बोर्डच्या पोटात काय आहे, हे तो क्वचितच सांगतो आणि नवखा माणूस क्वचितच विचारतो. खरं तर बोर्डचं वजन किती, तो किती वर्षं टिकेल, लाटेवर कसा वागेल आणि फुटला तर कशाने सांधायचा, हे सगळं आधी त्या पोटातल्या फोमवरून ठरतं.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. गोव्यात गाभा निवडताना हलकेपणाला पहिला मान देऊ नका. आधी ऊन, मग पाणी, मग दुरुस्तीचं सामान आणि सगळ्यात शेवटी वजन, हा क्रम ठेवा.

पायरी १: बोर्ड कशाचा बनतो ते समजून घ्या

साध्या कडक बोर्डमध्ये चार गोष्टी असतात. मधला फोम म्हणजे गाभा. घडवण्याआधीच्या कच्च्या ठोकळ्याला कारागीर ब्लँक म्हणतात. गाभ्याच्या मधोमध उभी लाकडी पट्टी असते, तो स्ट्रिंगर. वरून काचतंतूंचं कापड, म्हणजे फायबर, आणि ते चिकटवणारी राळ, म्हणजे रेझिन. कापड आणि रेझिन मिळून कवच बनतं.

वाकण्याचा ताण कवच सोसतं. तुम्ही डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, उभे राहता तेव्हा वरचं कवच दाबलं जातं आणि तळाचं ताणलं जातं. या दोघांना एकमेकांपासून दूर आणि जागच्या जागी धरून ठेवणं हे गाभ्याचं काम. गाभा मऊ पडला, ओला झाला किंवा कवचापासून सुटला की ही जोडी मोडते आणि चांगल्या कवचाचा बोर्डही एका लाटेत दुमडतो. टाचेखाली डेकवर जे खड्डे पडतात त्यांचंही कारण हेच: कवच वाकलं आणि खालचा फोम चेपला. थोडे उथळ खड्डे प्रत्येक वापरलेल्या बोर्डवर असतात, त्यांची काळजी नको. खड्ड्यात बारीक तडा दिसला तर मात्र पाणी आत जायला वाट झाली असं समजा.

पायरी २: वजनाचा हिशेब एकदा स्वतः करा

बोर्डचं आकारमान लिटरमध्ये लिहितात. समजा बोर्ड ६० लिटरचा आहे. आता गाभ्याची घनता धरून गुणाकार करा.

पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू फोम, साधारण ३५ ते ५० किलो प्रति घनमीटर असतो. ६० लिटरचा गाभा झाला २.१ ते ३ किलो. एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे ईपीएस, साधारण १६ ते ३२ किलो प्रति घनमीटर. तोच गाभा १ ते १.९ किलो. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे एक्सपीएस, ३०-३५ च्या आसपास. सुमारे २ किलो. बाल्सा लाकूड १२० ते २०० धरलं तर भरीव गाभा ७ ते १२ किलोंचा होतो.

म्हणजे पीयू आणि ईपीएसमध्ये फरक किलो-दीड किलोचा. आता कवचाकडे बघा. चार औंसी कापड सुमारे १३५ ग्रॅम प्रति चौरस मीटर, सहा औंसी सुमारे २०० ग्रॅम. साडेसात फुटी बोर्डची एक बाजू जवळपास एक चौरस मीटर भरते. डेकवर दोन थर, तळाला एक, कडांवरची दुमड, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त वजनाचं रेझिन आणि वरचा घासायचा थर धरला तर कवचाचेच दीड-दोन किलो होतात. गाभ्यात वाचवलेला किलो तिथे पातळ कापड वापरून आणखी वाढवायचा मोह बनवणाऱ्याला होतो. असा अतिहलका बोर्ड दुकानात उचलून बघायला छान वाटतो, पण नवख्याच्या गुडघ्यांखाली त्याचा डेक लवकर चेपतो. म्हणून वजन विचाराल तेव्हा ‘डेकवर कापड किती?’ हेही विचारा. पहिल्या कडक बोर्डला डेकवर किमान एक सहा आणि एक चार औंसी थर असावा.

पायरी ३: प्रत्येक गाभ्याचा स्वभाव जाणून घ्या

पीयूपासून सुरुवात करू, कारण जगातल्या कडक बोर्डचा इतिहास बराचसा त्याचाच आहे. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क या बोर्ड बनवणाऱ्यांनी पीयू फोमचे बोर्ड जमवले आणि बाल्साचं राज्य संपलं. पुढे क्लार्कच्या कारखान्यातून अमेरिकेतले बहुतांश ब्लँक येत. ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने तो कारखाना अचानक बंद केला, आणि त्या टंचाईत ईपीएस गाभा आणि इपॉक्सी रेझिनच्या बोर्डना मोठी वाट मिळाली. आज दोन्ही मिळतात, आणि जुन्या बोर्डच्या बाजारात दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात.

पीयूची पेशी बारीक आणि बहुतेक बंद असते. तडा गेला तरी पाणी हळूहळू शिरतं. शिरलेलं पाणी तड्याच्या आसपासच राहतं, लांब पसरत नाही. तो पॉलिएस्टर आणि इपॉक्सी या दोन्ही रेझिनना चालतो. थोडा जड असल्याने खडबडीत पाण्यावर शांत चालतो. गोव्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पाण्यावर बारीक खळबळ होते. तेव्हा हलका बोर्ड पायाखाली टकटक उडतो, पीयू ती खळबळ पचवतो. त्याचा दोष म्हणजे तो उन्हाने पिवळा पडतो, आणि वर्षानुवर्षं दाबला गेला की डेकखाली चेपत जातो. नुसता पिवळेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, पण बोर्डने किती ऊन खाल्लं आहे याचा तो चांगला पुरावा असतो.

ईपीएस म्हणजे आपल्या ओळखीचा थर्माकोलच. फ्रिजच्या खोक्यात येतो त्यापेक्षा बोर्डचा चांगला थर्माकोल जास्त घट्ट आणि नीट एकजीव झालेला असतो, पण जात तीच: फुगवलेले मणी वाफेने एकमेकांना चिकटवलेले. मणी स्वतः पाणी पीत नाही; मण्यांच्या मधल्या फटींतून पाणी प्रवास करतं. त्यामुळे नाकाजवळ तडा गेला तर पाणी मधल्या भागापर्यंत पोहोचू शकतं, आणि अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. ज्यासाठी ईपीएस घेतला तो फायदा तिथेच संपला.

त्याची दुसरी अडचण हवेची. त्या फटींत हवा भरलेली असते. २५ अंशांवरचा बोर्ड बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापला तर आतल्या हवेचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी रेझिन तापून नरम झालेलं असतं. दोन्ही एकत्र आले की कवच गाभ्यापासून सुटून फुगा धरतं. एकदा सुटलेलं कवच आपोआप परत चिकटत नाही. म्हणून बऱ्याच ईपीएस बोर्डवर हवेसाठी छोटं भोक, म्हणजे व्हेंट, असतं. ते दोन प्रकारचं: एकात पडदा असतो, हवा जाते आणि पाणी अडतं, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात स्क्रू असतो; तो जमिनीवर आणि विमानप्रवासात सैल करायचा, पाण्यात जाण्यापूर्वी घट्ट. स्क्रू उघडा ठेवून पाण्यात गेलात तर बोर्ड त्या भोकातूनच पाणी ओढतो, कारण उन्हात तापलेली आतली हवा थंड पाण्यात आकसते.

एवढं असूनही ईपीएसचे गुण खरे आहेत. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे लाटा बहुतेक गुडघा ते कंबर उंचीच्या. अशा दुबळ्या लाटेत हलका बोर्ड लवकर वेग घेतो, आणि त्यावरचं इपॉक्सीचं कवच साध्या धक्क्याने सहज फुटत नाही. सावली, बॅग आणि शिस्त ज्याच्याकडे आहे त्याने तो जरूर घ्यावा.

एक्सपीएस हा तिसरा फोम. पेशी पूर्ण बंद, पाणी जवळजवळ शिरतच नाही. ऐकायला सगळ्यात उत्तम. पण त्याच्या गुळगुळीत बंद पेशींना कवच घट्ट धरत नाही, आणि तापल्यावर बाहेर पडू पाहणाऱ्या वायूला वाट मिळत नाही. परिणाम: फोड आणि सुटलेलं कवच. थंड देशांत तो बरा चालतो, गोव्याच्या एप्रिल-मेला आम्ही तो सुचवणार नाही.

आता सॉफ्टबोर्ड, ज्यावर जवळपास प्रत्येक जण शिकतो. आत ईपीएस, बहुधा दोन-तीन लाकडी स्ट्रिंगर, डेकवर मऊ पॉलिथिन फोमची चादर आणि तळाला गुळगुळीत कडक प्लास्टिकचा पत्रा. डोक्यावर आदळला तर जखम कमी होते, म्हणून सर्फिंग शाळा तोच देतात. पण मऊ चादर म्हणजे जलरोधक कवच नव्हे. लीशचा, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीचा, प्लग, फिनच्या स्क्रूची भोकं, आणि कडेला चादर व पत्रा जुळतात ती शिवण, या तीन जागांतून पाणी आत जातं. उन्हात सोडला की चादर सुटते आणि डेकवर मोठा फुगा येतो. मधोमध आडवी सुरकुती दिसली तर आतला स्ट्रिंगर मोडलेला असू शकतो; मग बोर्ड बाहेरून अखंड दिसला तरी पायाखाली वाकतो.

लाकडाबद्दल थोडक्यात. हवाईचा प्रसिद्ध सर्फर ड्यूक कहानामोकू याचा १६ फुटी कोआ लाकडाचा बोर्ड सुमारे ५२ किलोंचा होता. तेव्हापासून आजवर लाकडी बोर्डची सगळी धडपड वजन उतरवण्याचीच. टॉम ब्लेकने १९३० च्या सुमारास पोकळ बोर्ड केले, चाळीसच्या दशकाच्या शेवटी बॉब सिमन्सने पॉलिस्टायरीनला प्लाय आणि बाल्साचं आवरण दिलं. आज पाउलोनिया या हलक्या लाकडाचे पोकळ बोर्ड मिळतात, दिसतात सुंदर, टिकतातही. पण पावसाळ्याच्या दमटपणात त्यांना नियमित व्हेंट उघडणं आणि ओरखडे लगेच बुजवणं लागतं. पहिला बोर्ड म्हणून नको.

हवा भरायच्या पॅडलबोर्डमध्ये गाभा म्हणजे हवाच. वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी बांधलेला असतो, म्हणून तो फुगूनही सपाट राहतो. सहा इंची बोर्डला साधारण १२ ते १५ पीएसआय दाब लागतो. शापोरा, साळ, तळपण अशा नद्यांच्या संथ पाण्यात तो मस्त. भरून उन्हात ठेवायचा नाही, दोन-तीन पीएसआय कमी करून सावलीत ठेवायचा.

पायरी ४: जुना बोर्ड घेण्यापूर्वी तपासा

हंगाम संपत आला की बरेच बोर्ड विक्रीला निघतात आणि भाव पडतात. घाई करू नका, सकाळच्या उजेडात हे सगळं बघा. अर्धा तास पुरतो.

आधी वजन. घरचा वजनकाटा घेऊन जा. स्वतः उभे राहा, मग बोर्ड हातात घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. बनवणाऱ्याने दिलेल्या वजनापेक्षा अर्धा किलोहून जास्त भरला तर पाय घसरू नये म्हणून डेकवर लावलेलं वॅक्स आणि डेकपॅड यांचा वाटा धरूनही पाण्याचा संशय घ्या. आठ फुटी सॉफ्टबोर्ड नवा असताना साधारण सहा-सात किलो असतो. तो नऊच्या पुढे गेला असेल तर त्याने पाणी प्यायलेलं आहे.

मग गाभा ओळखा. कवच पारदर्शक असेल तर जवळून बघा: मण्यांची बारीक नक्षी दिसली तर ईपीएस, एकसारखा साबणासारखा फोम आणि पिवळसर झाक दिसली तर बहुधा पीयू. रंगवलेला असेल तर स्ट्रिंगरजवळ कारागिराने पेन्सिलने लिहिलेली अक्षरं शोधा, किंवा शिक्का बघा. ‘इपॉक्सी’ लिहिलेलं असेल तर आत ईपीएस असण्याची शक्यता मोठी, पण खात्री नाही. पीयूवरही इपॉक्सी चढवतात.

आता अंगठा. डेकवर पाय जिथे पडतात तिथे, स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंनी, चार-चार बोटांच्या अंतरावर दाबत चला. कडक लागलं तर ठीक. दाबल्यावर कवच आत जाऊन ‘टक’ करून परत वर आलं तर ते सुटलेलं आहे. बोटाच्या पेराने वाजवत चला: चिकटलेलं कवच कोरडं, तीक्ष्ण वाजतं, सुटलेलं पोकळ आणि बद्द. तळहाताएवढी जागा सुटलेली असेल तर दुरुस्ती होते, वीतभरापेक्षा मोठी असेल तर सोडून द्या.

फिन बसवून डावी-उजवीकडे ढकला आणि फिनच्या खाचेच्या, म्हणजे बॉक्सच्या, कडेकडे बघा. केसासारखी रेघ उघडझाप करत असेल तर बॉक्स सैल आहे. ईपीएसमध्ये हा दोष जास्त दिसतो, कारण मऊ फोम फिनचा पिळ एकटा सोसू शकत नाही. चांगला कारागीर बॉक्सभोवती जास्त घनतेचा फोम बसवतो. लीशचा प्लगही असाच हलवून बघा.

शेवटी बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून कडेवरून नजर टाका. कडेपासून कडेपर्यंत आडवी रेघ म्हणजे बोर्ड एकदा दुमडलेला आहे. वरून कितीही सुबक कापड चढवलेलं असो, गाभा तिथे चिरडलेला असतो. आणि जुना तडा संशयास्पद वाटला तर बोर्ड तडा खाली येईल असा टेकवून दहा-पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा. आतली हवा फुगली की ओला बोर्ड तड्यातून पाण्याचे थेंब बाहेर काढतो. तपकिरी डाग आणि कुबट वासही तेच सांगतात.

पायरी ५: निवड

वजन ७० किलो, अजून उभं राहणं पक्कं नाही: आठ फुटी, ८० लिटरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा सॉफ्टबोर्ड. शक्यतो वर्षभर भाड्यानेच घ्या, कारण सॉफ्टबोर्ड विकत घेऊन उन्हात खराब करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हिरव्या, न फुटलेल्या लाटेवर उभे राहून वळता येऊ लागलं की पहिला कडक बोर्ड घ्या: सात ते साडेसात-आठ फुटी, पीयू गाभा, डेकवर दोन थर. वजनाने पाच किलोंच्या आसपास जाईल, जाऊ द्या. पीयू सुचवण्यामागे आमचं मोठं कारण दुरुस्तीचं आहे. गोव्यात मासेमारीच्या होड्यांना फायबर चढवणारे कारागीर किनाऱ्याच्या गावांतून सापडतात आणि त्यांच्याकडे असतं ते पॉलिएस्टर रेझिन. पीयू बोर्ड त्यांच्या सामानाने सांधता येतो. ईपीएस बोर्ड त्याच सामानाने सांधायला गेलात तर डोळ्यांदेखत गाभा विरघळून खड्डा होतो, कारण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन पॉलिस्टायरीनला खातं. हा अपघात फार सामान्य आहे, आणि कारागिराचा त्यात दोष नसतो. त्याला पोटात काय आहे ते कोणी सांगितलेलं नसतं.

ईपीएस कोणी घ्यावा? ज्याचं वजन जास्त आहे आणि लिटर वाढवूनही बोर्ड उचलता यायला हवा, जो बोर्ड स्कूटरच्या रॅकवरून लांब नेतो, किंवा जो लहान लाटांतच रमणार आहे. त्याने घरात इपॉक्सीचा छोटा संच ठेवावा.

पायरी ६: तडा गेला तर

तडा दिसला की पाण्याबाहेर या. ‘अजून दोन लाटा’ म्हणून थांबणं ईपीएसला महागात पडतं. तडा गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. मग फुटलेल्या कापडाचे सुटे धागे कापा आणि तडा खाली येईल असा बोर्ड सावलीत, वाऱ्यावर उभा करा.

किती दिवस वाळवायचा? दिवस मोजू नका, वजन मोजा. रोज एकाच वेळी काट्यावर घ्या. सलग दोन-तीन दिवस आकडा बदलला नाही की वाळला. पीयूला बहुधा दोन-तीन दिवस लागतात, ईपीएसला आठवडा किंवा त्याहून जास्त. जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या हवेत तो वाळतच नाही. बंद खोलीत पंखा आणि एसीचा ड्राय मोड लावावा लागतो. ओल्या गाभ्यावर कवच चढवलं तर पाणी आतच कोंडलं जातं आणि पहिल्याच कडक उन्हात पॅच उठतो.

गाभ्याबद्दल अजून शंका असेल तर तड्यातून हरभऱ्याएवढा फोमचा तुकडा काढा आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिनचा किंवा अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. आकसून विरघळला तर ईपीएस किंवा एक्सपीएस. तसाच राहिला तर पीयू. ही चाचणी बोर्डवर करू नका, सुट्या तुकड्यावरच करा. ट्यूबमध्ये मिळणारी उन्हात सुकणारी राळही बहुधा पॉलिएस्टरच असते. इपॉक्सी बोर्डसाठीची वेगळी मिळते, डब्यावर तसं लिहिलेलं हवं.

खड्डा भरण्यासाठी रेझिनमध्ये मायक्रोबलून, म्हणजे पोकळ मण्यांची हलकी भुकटी, मिसळून टूथपेस्टइतपत घट्ट करा. सुताराकडची फुगणारी स्प्रे फोम वापरू नका. ती फुगताना चांगलं कवच उचकटते आणि नंतर पाणी धरते. खोल खड्डा एका वेळी सेंटिमीटरभराहून जास्त भरू नका. रेझिन जमताना उष्णता सोडतं, आणि जाड थराची ती उष्णता ईपीएसला वितळवायला पुरते.

मिश्रण करताना घाई नको. पॉलिएस्टर बऱ्याचदा तीन बाटल्यांत मिळतं: रेझिन, जांभळट कोबाल्ट अ‍ॅक्सलरेटर आणि पाण्यासारखा कॅटॅलिस्ट, ज्याला दुकानात हार्डनर म्हणतात. अ‍ॅक्सलरेटर आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी १०० ग्रॅम रेझिनमध्ये सुमारे १ मिलि अ‍ॅक्सलरेटर पूर्ण ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ सिरिंजने १ मिलि कॅटॅलिस्ट. रेझिन आधीच अ‍ॅक्सलरेटर घातलेलं असेल तर ती पायरी गाळा. आपल्या हवेत हे मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होऊ लागतं, म्हणून आधी २० ग्रॅमवर प्रयोग करून वेळ पाहा. कॅटॅलिस्ट डोळ्यांत गेला तर कायमची इजा होते; चष्मा घालूनच काम करा.

इपॉक्सीचं गणित वेगळं. त्यात हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर सुकत नाही, ते कायमचं चिकट राहतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा आणि ग्रॅम दाखवणारा काटा वापरा. दोन मिनिटं, कडा-तळ खरवडत ढवळा आणि लगेच उथळ ताटलीत ओता. उंच कपात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने उकळून धूर सोडतं.

ईपीएसवर काम करायची वेळ महत्त्वाची आहे. सकाळी कापड चढवलं तर हवा तापत जाते, गाभ्यातली हवा बाहेर पडू बघते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. दुपारी तीन-चारनंतर सावलीत चढवा. तापमान उतरत असतं, आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. संध्याकाळच्या दमटपणाने इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी घासण्याआधी तो पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन काढा, नाहीतर पुढचा थर धरत नाही.

कापडासाठी तड्याभोवती तीन सेंटिमीटर जागा ८० नंबरच्या कागदाने चमक जाईपर्यंत घासा. चार औंसी कापडाचे दोन गोल तुकडे कापा, दुसरा पहिल्यापेक्षा सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा. भिजवून, जुन्या प्लास्टिक कार्डाने जादा रेझिन ओढून काढा. रेझिनने वजन वाढतं, ताकद कापडाची असते. सुकल्यावर वर एक पातळ थर. पॉलिएस्टरचा हा थर मेण मिसळलेला असावा, साधं लॅमिनेटिंग रेझिन हवेत चिकटच राहतं. मग १२०, २२० आणि ४०० नंबरचा कागद, या क्रमाने. मास्क आणि हातमोजे पाहिजेतच, काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाते. घासकाम किनाऱ्यावर करू नका. थर्माकोलचे मणी आणि फायबरची भुकटी वाऱ्याने वाळूत आणि समुद्रात जाते, आणि तिथून ती कोणीच उचलत नाही.

पायरी ७: रोजची काळजी आणि पावसाळा

पाण्याबाहेर आलात की बोर्ड सावलीत, आणि सावली सरकते हे लक्षात ठेवून. गाडीच्या टपावर बांधताना पट्टा हाताने ताणता येईल इतकाच. रॅचेटने आवळला तर कडेचा ईपीएस चेपतो. वॅक्स गरम पाण्यासाठीचं, ट्रॉपिकल, घ्या. ते डेकवर वितळून वाहू लागलं तर बोर्डही नको इतका तापला आहे असं समजा.

जून लागला की नवख्यांनी गोव्याचा समुद्र सोडावा. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, जीवरक्षकही पाण्यात उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बोर्ड ठेवण्यापूर्वी वॅक्स पूर्ण काढा, गोड्या पाण्याने धुवा, बारीकसारीक तडे बुजवा, फिन काढून त्यांच्या स्क्रूंना ग्रीस लावा. स्क्रूवाला व्हेंट असेल तर सैल करा. बॅगेत घालून चेन लावू नका, आत बुरशी येते. चिऱ्याची भिंत पावसात पाझरते, म्हणून बोर्ड भिंतीला टेकवण्याऐवजी दोन रुंद, कापड गुंडाळलेल्या फळ्यांवर आडवा ठेवा, जमिनीपासून फूटभर वर.

ठेवताना वजन करून आकडा पेन्सिलने पट्टीवर लिहा आणि पट्टी तळाला चिकटवा. सप्टेंबरअखेर बोर्ड काढला की पुन्हा वजन करा. आकडा तोच असेल तर व्हेंट घट्ट करा, फिन बसवा आणि पाण्यात जा. दोन-तीनशे ग्रॅम वाढला असेल तर आधी ते पाणी कुठून आलं ते शोधा. बहुतेक वेळा ते लीशच्या प्लगच्या कडेलाच सापडतं.